घरगुती पाळणाघर

घरगुती पाळणाघर म्हणजे एखाद्या व्यक्तीने, बहुधा स्त्रीने, आपल्या राहत्या घरात इतर कुटुंबांतील लहान मुलांना दिवसाचे काही तास मोबदला घेऊन सांभाळण्याची व्यवस्था होय. ज्या कुटुंबात आई-वडील दोघेही कामानिमित्त घराबाहेर असतात आणि मुलाकडे पाहण्यास घरात आजी-आजोबा किंवा अन्य वडीलधारे माणूस नसते, तेथे या व्यवस्थेचा आधार घेतला जातो. प्रसूतिरजा संपल्यापासून मूल शाळेत जाऊ लागेपर्यंतचा काळ हा तिच्या उपयोगाचा मुख्य काळ असला, तरी शाळा सुटल्यापासून पालक घरी येईपर्यंतच्या वेळेसाठी थोडी मोठी मुलेही पाळणाघरात राहतात. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर अशा महाराष्ट्रातील शहरांत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे.

घरगुती पाळणाघरासाठी भारतात देशभर लागू असणारा स्वतंत्र परवाना कायदा नाही. घराची तपासणी करणे, मुलांच्या संख्येवर मर्यादा घालणे, सांभाळणाऱ्या व्यक्तीची पूर्वपीठिका पडताळणे ही कामे काही देशांत शासकीय यंत्रणा करते. येथे ती प्रत्यक्षात पालकांवरच येऊन पडतात. त्यामुळे पाळणाघराची निवड, आणि निवडीनंतर त्यावर राहणारे पालकांचे लक्ष, हाच मुलाच्या सुरक्षिततेचा प्रमुख आधार ठरतो.

संज्ञा

‘पाळणाघर’ हा शब्द ‘पाळणा’ आणि ‘घर’ या दोन शब्दांचा समास आहे. कारखाना, कार्यालय किंवा संस्था यांनी चालविलेले शिशुगृह आणि एखाद्या गृहिणीने स्वतःच्या घरात सुरू केलेली सोय, या दोहोंसाठी मराठीत हा एकच शब्द वापरला जातो. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. बोलण्यात ‘मुलाला सांभाळायला ठेवणे’ असा प्रयोग रूढ आहे. मुले सांभाळणाऱ्या स्त्रीस तिच्या वयाप्रमाणे मावशी, काकू किंवा आजी म्हणतात आणि पुष्कळदा पाळणाघरही त्याच नावाने ओळखले जाते.

पाळणाघर आणि बालवाडी यांत फरक आहे. बालवाडी किंवा खेळगट यांचा हेतू मुख्यतः शिक्षणाचा असून तेथील वेळ दोन ते चार तासांची असते. पाळणाघरात मूल दिवसाचा मोठा भाग घालविते. त्याचे जेवण, झोप, शी-शू, आजारपणातील पहिली देखभाल हे सर्व तेथेच होते. मुलाच्या घरी येऊन त्याला सांभाळणारी बाई ही या दोहोंहून निराळी व्यवस्था होय.

इतिहास

संस्थेच्या स्वरूपातील पहिले शिशुगृह १८४४ मध्ये फिर्मँ मार्बो यांनी पॅरिस येथे, कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठी सुरू केले, असे सामान्यतः मानले जाते. भारतात हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो गिरण्यांमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ ही अफू असलेली गोळी देत, जेणेकरून मूल गुंगीत पडून राही. त्या काळच्या चौकशी अहवालांत या प्रथेच्या नोंदी आहेत. मूल सांभाळण्यास कोणी नसणे आणि कामावर न जाणे परवडणारे नसणे, या दोहोंच्या कात्रीतून ही प्रथा निर्माण झाली होती. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९३४ च्या कारखाने अधिनियमात, पन्नासहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अशी सोय करणे बंधनकारक केले.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाड येथे गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तेथे विकसित केलेल्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुलींना घरी थांबावे लागते व त्यांची शाळा बुडते, हा अनुभव या रचनेमागे होता. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती शिशुगृहे सुरू केली. त्यांतून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये हे काम मुंबईतही सुरू झाले.

मध्यमवर्गीय कुटुंबांतील घरगुती पाळणाघरांचा उगम मात्र वेगळ्या परिस्थितीत झाला. बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये, शाळा आणि रुग्णालये यांत स्त्रियांच्या नोकऱ्या वाढत गेल्या. त्याच सुमारास शहरांतील घरे लहान झाली व एकत्र कुटुंबे विभागली गेली. उपनगरांतून लोकल गाडीने कामावर जाणाऱ्या आईस दहा-बारा तास घराबाहेर राहणे भाग पडू लागले, तेव्हा चाळीतील किंवा इमारतीतील शेजारीणच मूल सांभाळू लागली. शेजारधर्म म्हणून सुरू झालेली ही मदत हळूहळू मोबदला घेऊन केलेल्या कामात रूपांतरित झाली. आजही बहुतेक घरगुती पाळणाघरांचा प्रसार जाहिरातीपेक्षा ओळखीतून होतो.

कायदेशीर स्थिती

कामाच्या ठिकाणची पाळणाघरे

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ नुसार तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असणे आवश्यक ठरविण्यात आले. मूळ कायद्यात ही संख्या पन्नास होती. प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. तसेच पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईस दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशी तरतूद झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही पाळणाघराची तरतूद आहे. लहान आस्थापनांत, घरकामात किंवा स्वतःच्या व्यवसायात असलेल्या स्त्रियांना या तरतुदींचा लाभ मिळत नाही.

शासकीय अनुदानाने चालणारी पाळणाघरेही आहेत. केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६ मध्ये सुरू झाली. पुढे तिचे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत आणि २०२२ नंतर ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत रूपांतर झाले. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविणे हा या योजनेचा एक भाग आहे.

घरगुती पाळणाघरांना लागू होणारे कायदे

स्वतंत्र परवाना कायदा नसला, तरी घरगुती पाळणाघर कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला मारहाण करणे, त्याचा छळ करणे किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलांची काळजी सोपविलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने असे कृत्य केल्यास शिक्षा अधिक कडक, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) नुसार, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर तो पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

निवडीचा काळ

२६ आठवड्यांच्या प्रसूतिरजेपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते सर्व घेतल्यास प्रसूतीनंतर अठरा आठवडे उरतात आणि आई कामावर परतते तेव्हा बाळ सुमारे चार महिन्यांचे असते. रजा प्रसूतीनंतर घेतल्यास बाळ सहा महिन्यांच्या आसपास असते. या दोन वयांत मोठा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावयाचे असते. चार महिन्यांचे बाळ ठेवावयाचे असल्यास काढलेले दूध साठविण्याची व पाजण्याची रीत जाणणारी व्यक्ती हवी. सहा महिन्यांनंतर पूरक आहार सुरू झालेला असतो.

सात-आठ महिन्यांच्या सुमारास मुलाला परक्या माणसांची भीती वाटू लागते आणि आईपासून दूर होताना ते रडू लागते. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हे रडणे बहुधा सर्वांत तीव्र असते. ही वाढीतील स्वाभाविक अवस्था असून तेवढ्यावरून पाळणाघर वाईट ठरत नाही. मात्र शक्य असल्यास या काळात सांभाळणारी व्यक्ती बदलू नये, असे बालमानसतज्ज्ञ सुचवितात.

चांगल्या पाळणाघरांत जागा मर्यादित असल्यामुळे शोध रजा संपण्याच्या काही महिने आधीच सुरू करणे इष्ट ठरते. ऐन वेळी केलेल्या निवडीत अंतर व शुल्क एवढ्याच दोन गोष्टी पाहिल्या जाण्याचा संभव असतो.

निवडीचे निकष

सांभाळणारी व्यक्ती

घरगुती पाळणाघराचा दर्जा इमारतीपेक्षा सांभाळणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असतो. वय, शिक्षण व अनुभव यांची माहिती विचारून मिळते. तिचा स्वभाव मात्र मुलांच्या सहवासातच दिसतो. म्हणून पहिली भेट मुले हजर असतानाच्या वेळी घेणे उपयुक्त ठरते. रडणाऱ्या मुलाजवळ ती किती लवकर जाते, मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला येऊन बोलते की दुरून हुकूम सोडते, सांडलेल्या दुधावर किंवा ओल्या चड्डीवर तिची पहिली प्रतिक्रिया काय असते, मुले आपण होऊन तिच्या मांडीवर येऊन बसतात की तिच्यापासून अंग चोरतात, या गोष्टी अर्ध्या तासात लक्षात येतात. जेवण भरविण्याची आणि झोपविण्याची वेळ ही तिच्या धीराची खरी कसोटी असते.

सध्या ज्यांची मुले तेथे आहेत आणि ज्यांची पूर्वी होती, अशा दोन्ही प्रकारच्या पालकांशी बोलणे हितावह असते. मूल तेथून का काढले, हे पूर्वीच्या पालकांकडून कळते. ती आजारी पडल्यास किंवा गावी गेल्यास मुलांची व्यवस्था कोण पाहते, याचे उत्तर आधीच मिळालेले असावे.

मुलांची संख्या आणि वये

एका व्यक्तीस किती मुले सांभाळता येतील, याचा कोणताही बंधनकारक आकडा घरगुती पाळणाघरांसाठी देशपातळीवर ठरलेला नाही. संख्येइतकेच मुलांच्या वयाचे मिश्रण महत्त्वाचे असते. रांगणारी तीन मुले सांभाळणे हे शाळेतून आलेली सहा मुले सांभाळण्याहून अवघड असते. एखादा अपघात झाल्यास किंवा आग लागल्यास एकटी स्त्री किती बालकांना उचलून घराबाहेर नेऊ शकेल, हा तान्ह्या मुलांच्या बाबतीत संख्या ठरविण्याचा साधा व्यावहारिक निकष होय. सकाळी दिसणारी संख्या दुपारी शाळा सुटल्यावर वाढते; म्हणून दिवसातील दोन निरनिराळ्या वेळी भेट दिल्याखेरीज खरी संख्या समजत नाही.

घर आणि घरातील माणसे

घरगुती पाळणाघराची निवड ही एका व्यक्तीची नव्हे, तर संपूर्ण घराची निवड असते. त्या घरात राहणारे पुरुष, मोठी मुले, भाडेकरू, कामाला येणारी माणसे, दुपारी येणारे पाहुणे या सर्वांचा मुलांशी संबंध येतो. घरात कोण कोण असते, मुले कोणाबरोबर एकटी राहण्याचा प्रसंग येतो का, शी-शू आणि कपडे बदलणे ही कामे कोण करते, हे विचारण्यात संकोच वाटतो. परंतु हे प्रश्न आवश्यक आहेत. जबाबदार चालिका त्यांचा राग मानीत नाही. घरात दारू किंवा तंबाखूचे सेवन होते का, पाळीव प्राणी आहे का, याचीही माहिती घ्यावी लागते.

सुरक्षितता

लहान मुलांना होणारे बहुतेक घरगुती अपघात टाळता येण्याजोगे असतात. पाहणी करताना पुढील गोष्टींकडे लक्ष देणे उपयुक्त ठरते :

- खिडक्या व गॅलरी यांना जवळजवळ गज किंवा जाळी आहे का. गजांखाली पलंग, खुर्ची यांसारखी चढण्याजोगी वस्तू ठेवलेली आहे का.
- मुख्य दरवाजाची कडी मुलांच्या हाती लागते का.
- स्वयंपाकघराकडे मुले सहज जाऊ शकतात का. कुकर, गरम चहा, इस्त्री कोठे ठेवली जाते.
- न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली किंवा उघडे पिंप असते का. रांगते मूल बादलीतील थोड्याशा पाण्यातही बुडू शकते.
- फिनेल, उंदराचे औषध, डासांची अगरबत्ती व गोळ्या-औषधे उंचावर व बंद आहेत का.
- विजेचे खालचे प्लग झाकलेले आहेत का. नाणी, मणी, बटणाच्या आकाराचे सेल खाली पडलेले असतात का.
- जिना, लिफ्ट आणि वाहनांचा रस्ता यांपासून मुलांना कसे दूर ठेवले जाते.

आहार

अनेक पाळणाघरांत मुलाचा डबा घरून दिला जातो. काहींत वरण-भात, मऊ खिचडी, पोळी-भाजी असे ताजे जेवण तेथेच मिळते. पाणी उकळून किंवा गाळून दिले जाते का आणि भरविण्यापूर्वी हात धुतले जातात का, हे प्रत्यक्ष पाहणे श्रेयस्कर असते. काढलेले आईचे दूध साधारण २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तासच ठेवावे, अशी शिफारस आहे. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात तापमान याहून बरेच अधिक असते, त्यामुळे शीतकपाट आवश्यक ठरते. वाटीत उरलेले दूध पुन्हा पाजू नये.

एक वर्षाखालील मुलास मध देणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे मानले जाते. बाळगुटी मधातून उगाळण्याची किंवा मधाचे बोट चाटविण्याची रीत अनेक घरांत असल्यामुळे याबाबत आधीच स्पष्ट बोलणे आवश्यक असते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबाचे टपोरे दाणे, सबंध द्राक्षे हे पदार्थ लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. मूल शांत राहावे म्हणून कोणतेही झोपेचे औषध किंवा खोकल्याचे गुंगी आणणारे औषध देणे घातक असते. गिरणीच्या काळातील बाळगोळी नाहीशी झाली असली, तरी तिच्यामागील मोह संपलेला नाही.

झोप

एक वर्षाखालील बाळास सपाट व घट्ट अंथरुणावर, उताणे निजवावे आणि त्याच्याजवळ उशा, मऊ खेळणी किंवा सैल पांघरुणे ठेवू नयेत, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी ठेवण्याची प्रथा या शिफारशीत बसत नाही. झोळीचा वापर होत असल्यास तिचे दोर व आधार मजबूत असावेत आणि मूल नजरेआड राहू नये. झोपलेल्या मुलांकडे अधूनमधून कोण पाहते, हा प्रश्न जागेपणीच्या देखरेखीइतकाच महत्त्वाचा आहे.

आरोग्य

एकत्र राहणाऱ्या मुलांत सर्दी, जुलाब, डोळे येणे, कांजिण्या यांचा संसर्ग लवकर पसरतो. पाळणाघरात जाऊ लागल्यावर पहिले काही महिने मूल वारंवार आजारी पडते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. त्याहून लहान बाळे गोवरापासून असुरक्षित असल्यामुळे पाळणाघरातील इतर मुलांचे लसीकरण झालेले असणे त्यांच्या हिताचे असते. ताप असलेल्या मुलास घरी ठेवावे, हा नियम पाळणाघराने कडकपणे पाळणे आई-वडिलांना गैरसोयीचे वाटते. तथापि त्याचा लाभ सर्वच मुलांना मिळतो.

औषध द्यावयाचे झाल्यास त्याचे नाव, मात्रा व वेळ लिहून द्यावी. मुलाची अॅलर्जी, डॉक्टरांचा क्रमांक आणि दोन्ही पालकांखेरीज आणखी एका नातलगाचा संपर्क क्रमांक दर्शनी जागी असावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

दिनक्रम, खेळ आणि भाषा

दूरचित्रवाणी किंवा मोबाइल लावून मुलांना बसवून ठेवणे, ही घरगुती पाळणाघरांबाबतची नेहमीची तक्रार आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. महागड्या खेळण्यांची आवश्यकता नसते; भांडी, डबे, चिंध्यांचे चेंडू, पाणी, माती, बडबडगीते आणि गोष्टी यांत मूल रमते. रोज थोडा वेळ मोकळ्या हवेत जाणे मात्र गरजेचे असते.

मूल बोलू लागण्याच्या वयात दिवसाचे आठ-दहा तास ज्या भाषेच्या सहवासात असते, ती भाषा ते सहज उचलते. म्हणून बेंगळूरु, हैदराबाद यांसारख्या शहरांत स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबे मराठी बोलणाऱ्या बाईंचा शोध घेतात, तर काही पालक मुलास स्थानिक भाषा अनायासे येईल म्हणून ती संधी मानतात. कोणतीही भाषा असली, तरी मुलाशी दिवसभर पुरेसे बोलले जाणे हे भाषाविकासासाठी अधिक महत्त्वाचे असते.

व्यवहार

बहुतेक घरगुती पाळणाघरांचा व्यवहार तोंडी असतो आणि कटुता बहुधा त्यातूनच निर्माण होते. साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या केल्यास वाद टळतात : रोजची वेळ व उशीर झाल्यास आकारणी, मासिक शुल्क व ते देण्याची तारीख, अनामत, मूल सुट्टीवर असल्यास शुल्कात होणारी वजावट, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या, जेवण कोणी द्यावयाचे, दोन्ही बाजूंनी व्यवस्था थांबविण्यापूर्वी द्यावयाची सूचना आणि मूल नेण्यास येऊ शकणाऱ्या व्यक्तींची नावे. या यादीबाहेरील व्यक्तीच्या हाती, ती ओळखीची असली तरी, पालकांना विचारल्याशिवाय मूल न देण्याचा नियम असावा.

रुळण्याचा काळ

मुलास एकदम पूर्ण दिवस न ठेवता पहिल्या दोन-तीन दिवसांत आई किंवा वडिलांनी तासभर बरोबर थांबणे, नंतर थोडा वेळ बाहेर जाणे आणि आठवडा-दोन आठवड्यांत वेळ वाढवीत नेणे, ही पद्धत हितकर मानली जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांच्या आसक्ती सिद्धान्तानुसार, लहान मूल आईखेरीज इतर एक-दोन विश्वासू व्यक्तींशीही घट्ट नाते जोडू शकते. मात्र त्यासाठी सहवासाचे सातत्य लागते. मुलाची नजर चुकवून निघून जाण्यापेक्षा निरोप घेऊन जाणे चांगले. घरची गोधडी किंवा आवडते खेळणे बरोबर दिल्यास मुलास धीर येतो.

धोक्याच्या खुणा

निवड एकदा करून पालकांचे काम संपत नाही. पुढील गोष्टी आढळल्यास त्यांकडे दुर्लक्ष करू नये :

- न कळविता आलेल्या पालकांना दारातच थांबविणे किंवा भेटीसाठी ठरावीक वेळेचाच आग्रह धरणे.
- मुलाच्या अंगावर वारंवार वळ किंवा जखमा असणे आणि त्यांचे समाधानकारक स्पष्टीकरण न मिळणे.
- रुळलेले मूल अचानक पाळणाघराच्या वाटेवर किंवा एखाद्या विशिष्ट व्यक्तीला पाहून घाबरू लागणे.
- दुपारनंतरही मूल सतत पेंगुळलेले किंवा गुंगीत असणे.
- नॅपी दिवसभर न बदललेली असणे, वारंवार अंगाला पुरळ येणे, वजन न वाढणे.
- मुलांची संख्या विचारल्यास उत्तर टाळणे.

यांपैकी एखादी खूण म्हणजे अत्याचाराचा पुरावा नव्हे. परंतु ती चौकशीस पुरेसे कारण असते. बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याची वागणूक आणि त्याचे शरीर हीच त्याची तक्रार असते.

सीसीटीव्हीचा प्रश्न

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात सुमारे दहा महिन्यांच्या मुलीस तेथील आयेने मारहाण केल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. मुलीच्या अंगावरील जखमा पालकांच्या लक्षात आल्या, त्यानंतर तपासलेल्या सीसीटीव्ही चित्रणात ही मारहाण दिसून आली. हे पाळणाघर घरगुती स्वरूपाचे नव्हते. तथापि या घटनेनंतर सर्वच पाळणाघरांसाठी नोंदणी व नियमावली असावी, ही मागणी जोर धरू लागली आणि अनेक पालक कॅमेऱ्याचा आग्रह धरू लागले.

कॅमेऱ्यामुळे पुरावा मिळतो. चित्रण कोणी पाहत नसेल, तर प्रतिबंध होतोच असे नाही. राहत्या घरात कॅमेरा बसविताना चालिकेच्या कुटुंबाच्या खासगीपणाचा आणि इतर मुलांची चित्रे कोणाच्या हाती पडतात याचाही प्रश्न उद्भवतो. उघडे दार, केव्हाही येण्याची मुभा आणि पालकांचा आपापसांतील संपर्क यांची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही.

संशोधन

अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या १३६४ मुलांचा जन्मापासून दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. आईखेरीज इतरांनी केलेल्या सांभाळाचा मुलांवर होणारा परिणाम तपासणे हा त्याचा उद्देश होता. सांभाळाचा दर्जा चांगला असल्यास मुलांची भाषा व आकलन काहीसे अधिक चांगले आढळले. मात्र कुटुंबातील वातावरण आणि आईचे मुलाशी असलेले संवेदनशील वर्तन यांचा मुलाच्या विकासाशी असलेला संबंध त्याहून बळकट होता. मूल पाळणाघरात राहते की घरी, एवढ्यावरून आई आणि मूल यांच्या नात्याची सुरक्षितता ठरत नाही, असेही दिसून आले. ‘पाळणाघरातले मूल’ म्हणजे आईच्या मायेला पारखे झालेले मूल, हा समज त्यामुळे टिकत नाही.

सांभाळणाऱ्या स्त्रियांची स्थिती

घरगुती पाळणाघर चालविणाऱ्या अनेक स्त्रिया गृहिणी, विधवा किंवा निवृत्त असून हेच त्यांच्या उत्पन्नाचे साधन असते. या कामास ठरावीक तास, पगारी रजा, विमा किंवा निवृत्तिवेतन यांपैकी काहीही नसते. पालकांना उशीर झाला की त्यांचा दिवस लांबतो. मूल आजारी असल्याचे न सांगता सोडले गेले, तर संसर्ग त्यांच्याच घरात येतो. शुल्क कमी असल्यास उत्पन्न भागविण्यासाठी मुलांची संख्या वाढविली जाते आणि त्याचा परिणाम थेट मुलांच्या देखरेखीवर होतो. या अर्थाने सांभाळणाऱ्या स्त्रीस मिळणारा योग्य मोबदला, विश्रांती आणि मान या बाबी मुलाच्या हिताहून वेगळ्या काढता येत नाहीत. बालसंगोपन व प्रथमोपचार यांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेणे दोन्ही बाजूंना उपकारक ठरते.

इतर देशांतील पद्धती

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीस शासकीय नोंदणी करावी लागते आणि तिची तपासणी होते. स्वतःची मुले धरून तिला एका वेळी आठ वर्षांखालील सहापर्यंत मुले ठेवता येतात. त्यांत पाच वर्षांखालील तीन आणि एक वर्षाखालील एक, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. बालकांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण तेथे सक्तीचे आहे. जर्मनीत आठवड्यातून पंधरा तासांहून अधिक आणि तीन महिन्यांहून अधिक काळ मोबदला घेऊन मुले सांभाळावयाची असल्यास परवाना लागतो. त्यानुसार एका वेळी पाचपर्यंत परकी मुले ठेवता येतात. फ्रान्समध्ये स्थानिक शासनाची मान्यता आवश्यक असून मर्यादा सामान्यतः चार मुलांची आहे. कोलंबियात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या शासकीय योजनेत वस्तीतील स्त्री आपल्या घरात साधारण बारा ते पंधरा मुले सांभाळते आणि त्यांच्या आहारासाठी शासन साहाय्य करते.

या सर्व पद्धतींत तपशील निरनिराळे असले, तरी मुलांच्या संख्येवर मर्यादा, व्यक्तीची पडताळणी आणि घराची पाहणी ही तीन सूत्रे बहुतांशी समान आहेत. अशी यंत्रणा नसलेल्या ठिकाणी याच तीन गोष्टी पालकांनी स्वतः पाहाव्या लागतात.

हे सुद्धा पहा

- अंगणवाडी
- बालवाडी
- ताराबाई मोडक
- अनुताई वाघ
- प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१
- लसीकरण